खालून काळी केलेली गाडी

कारभारी माझ्या डोक्यात जातो. आजही जातो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मी त्याच्याबद्दल दोन शब्द बरे लिहिले तर ते मैत्रीपोटी लिहिले असा कोणाचा समज होणार नाही.

जळगाव रोडवर हर्सूल मागं टाकलं की डाव्या हाताला माझं दुकान लागतं. कॉम्प्युटरवर अलाइनमेंट, चाकांचं बॅलन्सिंग, टायर. मोठा बोर्ड आहे, त्यावर माझं नाव आहे, राजेंद्र. रस्त्याच्या पलीकडं, बरोबर समोर, एक पत्र्याचं शेड आहे. त्याला बोर्ड नाही, नाव नाही, बसायला खुर्ची नाही. तिथं कारभारी जुन्या फोर-बाय-फोर गाड्यांच्या पुढच्या भागाची कामं करतो. फक्त पुढच्या भागाची. एखाद्यानं मागचा ब्रेक बघायला सांगितला तर हा सरळ म्हणतो, "मागं माझं काय काम नाय. दुसरीकडं ने."

अकरा वर्षं आम्ही एकमेकांची तोंडं बघतोय. या अकरा वर्षांत तो माझ्या दुकानाची पायरी चढला नाही. माझं साडेसात लाखांचं मशीन आहे, त्याला तो टीव्ही म्हणतो. गिऱ्हाईकानं विचारलं की अलाइनमेंट करून आणू का, तर माझ्या कानावर जाईल इतक्या मोठ्यानं सांगतो, "जा, राजेंद्राच्या टीव्हीवर बघून ये. शिरेल लागली असंल." लोक हसतात आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

तो तसा सगळ्यांशीच वाईट बोलतो, हे मला नंतर कळलं. एका डॉक्टरला त्यानं तोंडावर सांगितलं होतं की गाडीला काही झालेलं नाही, तुझ्या चालवण्याला झालंय. डॉक्टर परत आला नाही. कारभारीला त्याचं सुखदुःख नव्हतं. 

त्याचं घराणं कन्नडकडचं, धनगराचं. बाप मेंढ्या घेऊन सिल्लोड, फुलंब्री, पार भोकरदनपर्यंत फिरायचा. उन्हाळ्यात शेतकरी आपल्या रानात कळप बसवून घ्यायचे, रानाला लेंडीखत मिळतं म्हणून. कळप सकाळी चालायला लागला की बाप बाजूला उकिडवा बसून नुसते पाय बघायचा आणि कोणती मेंढी उद्या लंगडणार ते आज सांगायचा. हे मला कारभारीनं सांगितलेलं नाही, तो मला काही सांगत नाही. त्याच्या बायकोनं, बानाबाईनं सांगितलं. ती रोज दुपारी त्याची भाकरी घेऊन यायची. रस्त्यातल्या दुभाजकाला माझ्या दुकानापुढंच फट आहे, म्हणून ती माझ्या दारावरून जायची, माझ्या माठातलं पाणी बाटलीत भरून घ्यायची आणि दोन वाक्यं बोलायची. त्या माणसाच्या घरात असं एक बोलकं माणूस कसं नांदतं, याचं मला नवल वाटायचं.

मेंढ्या विकल्यावर तो वाळूजला कंपनीत लागला. ठेकेदाराकडं, गाड्यांच्या एक्सलचे भाग तपासायच्या जागेवर. आठ वर्षं टिकला. एक दिवस सुपरवायझरनं वाकडा माल पास करायला सांगितला, यानं केला नाही. सुपरवायझर म्हणाला, तू कोण ठरवणार? हा म्हणाला, मंग मला इथं हुबं कशाला केलं? दुसऱ्या दिवशी गेटवर त्याला आत घेतलं नाही. आता यात सुपरवायझर चुकला हे खरंच, पण कारभारीनं ते कसं सांगितलं असेल ते मी डोळ्यांपुढं आणू शकतो, आणि मला त्या सुपरवायझरचीही थोडी दया येते.

मग हे शेड. जागा दुसऱ्याची, भाड्याची.

त्याची काम करायची तऱ्हा अशी. गाडी आली की तो बॉनेट उघडत नाही. मालकाला म्हणतो, चालवून दाखव. मालक समोरून तीन वेळा गाडी नेतो आणि हा रस्त्याच्या कडेला उकिडवा बसून चाकांकडं बघतो, बाप मेंढ्यांकडं बघायचा तसाच. मग चपला शेडमध्ये काढून अनवाणी गाडीत बसतो आणि तळपाय पत्र्यावर सपाट टेकवतो. खालची मॅट आधी मालकाला उचलायला लावतो. थरथर हातात आली तर चाकं, बुडाखाली आली तर मागचा भाग, तळपायाला आली तर खाली फिरणारं काहीतरी. एवढं त्याचं शास्त्र. मी त्याची भरपूर टिंगल केली आहे. गिऱ्हाइकाला सांगायचो, समोर देवऋषी बसलाय, नारळ घेऊन जा. पण त्याचं निदान चुकलेलं मला आठवत नाही, आणि तेच जास्त झोंबायचं.

आता साहेबराव.

साहेबराव सिल्लोडच्या अलीकडच्या एका गावचा. चाळीस एकर काळं रान, कापूस, मका, शहरात दोन फ्लॅट, आणि वीस वर्षांची एक फोर-बाय-फोर गाडी, जी तो विकत नाही, कारण पावसाळ्यात त्याच्या रानात दुसरं काही पोचत नाही. माणूस आवाजानं मोठा. कारभारीच्या शेडची जागा याच्याच साडूची, म्हणून तो शेडमध्ये आला की घरच्यासारखा वावरायचा. कारभारीला ते खपत नव्हतं. पण मागच्या श्रावणात साहेबरावनं गाडी त्याच्याकडंच टाकली, कारण पुढच्या चाकांची बेअरिंगं आणि किंगपिन, म्हणजे चाक ज्यावर वळतं ती खुंटी, दुसरं कोणी नीट करत नाही. गाडी ठणठणीत होऊन गेली. दीड महिना चांगली पळाली.

मग दसरा आला. आमच्याकडं दसऱ्याला गाडीची पूजा असते हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण गेली काही वर्षं गावाकडच्या मोठ्या गाड्यांना एक नवं खूळ लागलंय. पूजेच्या आधी गाडी खालूनही काळी करून घ्यायची. गाडी वर उचलायची, चिखल धुवायचा, आणि खालच्या सगळ्या लोखंडाला काळा जाड लेप मारायचा. गंज लागत नाही हा फायदा खरा, पण लोक करतात ते झेंडूच्या माळेखाली गाडी खालपासून वरपर्यंत नवी दिसावी म्हणून. मी त्याची जाहिरातच केली होती. साहेबरावची गाडी माझ्याकडं आली. जुनी गाडी, मोठं गिऱ्हाईक, म्हणून मी स्वतः खाली शिरलो. पुढच्या चाकांकडं जाणारा जो लोखंडी दांडा असतो, ज्याला आम्ही शाफ्ट म्हणतो, तो आडवा येत होता. बोल्ट काढून मी तो उतरवला. त्याचे दोन तुकडे एकमेकांत सरकवलेले असतात. ते वेगळे करून धुतले, ग्रीस भरलं, लेप मारला, वाळल्यावर परत जोडून बसवला. काम देखणं झालं. मी फोटो काढला, शाफ्टचे दोन काळेकुळकुळीत तुकडे माझ्या बोर्डखाली भिंतीला टेकवलेले, मागं वर उचललेली गाडी. स्टेटसला टाकला. "दसऱ्याला गाडी खालूनही नवी!"

आठ दिवसांनी साहेबराव परत आला. साठच्या पुढं गेलं की गाडीचा पुढचा भाग थरथरतो, म्हणाला. पाण्याची बाटली सीटवरून खाली पडते.

मी चाकं काढली, मशीनवर बॅलन्स केली. थोडासा फरक होता, तो काढला. अलाइनमेंट बघितली, बरोबर होती. साहेबराव फिरून आला. थरथर होती तशीच. मी पुन्हा सगळं तपासलं आणि मग जे बोललो ते शब्द न बदलता इथं लिहितो.

"साहेबराव, चाकं बरोबर, अलाइनमेंट बरोबर. आता पुढचं काम कोणी केलं होतं, ते तुम्हीच आठवा."

यात खोटं काहीच नव्हतं. पण मी पाचर मारली होती आणि ती मारताना मला बरं वाटलं होतं, हेही खरं.

साहेबराव तडक पलीकडं गेला. मी माझ्या गेटमध्ये उभा राहिलो. बघायला.

"कारभाऱ्या! काय करून ठेवलं रे गाडीचं?"

कारभारी एका गाडीखाली होता. तो बाहेर आला, हात पुसले, साहेबरावची गाडी उभी होती तिथं गेला आणि आडवा होऊन खाली डोकं घातलं. दोन मिनिटं तसाच पडून राहिला. मग उठला.

"माझ्याकून गेल्यावर हिच्याखाली कोन शिरलं व्हतं?"

"कुनी नाय."

"आठवून सांगा. कुनी बी काम केलंय का?"

"तुझ्याशिवाय एकाचा बी हात लागला नाय गाडीला. आन वर मलाच इचारतो?"

साहेबराव खोटं बोलत नव्हता. त्याच्या लेखी ते काम नव्हतंच. दसऱ्याचं काळं करणं म्हणजे पूजेची तयारी, झेंडू आणण्यासारखी. गाडीला हार घातला हे कोणी दुरुस्तीत धरतं का?

मला मात्र त्या प्रश्नाबरोबर लख्खकन आठवलं. मी शिरलो होतो. शाफ्ट उतरवला होता. आणि दोन तुकडे परत जोडताना ते आधी कसे होते याची खूण केली होती का? केली नव्हती. कंपनीनं त्यावर खूण कोरलेली असते, ती मी लेपाखाली बुजवली होती. रस्ता ओलांडायला वीस पावलं पुरतात. मी जागचा हललो नाही.

साहेबरावनं मोबाइल बाहेर काढला. "हा बघा, मंडळी. ह्यानं माझ्या गाडीच्या पुढच्या भागाची वाट लावली. ह्याच्याकडं कुनी गाडी देऊ नका." कारभारीच्या तोंडासमोर मोबाइल धरून तो बोलत होता. "अन् वरून माज! ह्याचा बाप आमच्या रानात मेंढरं बसवायचा, हा आता आमाला गाड्या शिकवतो."

"बसवायचा," कारभारी म्हणाला. "म्हनून तर तुमच्या रानात पिकलं."

मोबाइल चालूच होता. साहेबरावचं तोंड लाल झालं. पुढं त्यानं ज्या शिव्या दिल्या त्या त्यानंच नंतर व्हिडिओतून कापल्या. जाताना म्हणाला, आठ दिवसांत पुढचा एक्सल नवा घालून दे, नाहीतर साडूला सांगून शेड खाली करायला लावतो.

व्हिडिओ सिल्लोडपासून कन्नडपर्यंत फिरला. दुसऱ्याच दिवशी शेडमधल्या दोन गाड्या मालक घेऊन गेले. तिसऱ्या दिवशी आणखी एक. चौथी एका म्हाताऱ्या गुरुजींची होती. त्यांचा मुलगा आला, चाकं पण बसवलेली नव्हती, टेम्पोत घालून नेली. अकरा वर्षांत पहिल्यांदा मी ते शेड रिकामं बघितलं. कारभारी दारात उकिडवा बसून रस्त्यावरच्या गाड्यांचे पाय बघत होता.

मी खूश असायला हवं होतं. थोडासा झालोही. मनाशी म्हणत होतो, शाफ्टमुळंच थरथर असेल कशावरून? आणि असली तरी साहेबराव गाडी दुसरीकडं दाखवेल, ते शोधतील, मिटेल. साहेबरावनं गाडी शहरात दुसऱ्या एका गॅरेजला दाखवली खरी. त्यांनी स्टिअरिंगचे सांधे बदलले, स्टिअरिंगचा धक्का दाबणारा दांडा नवा टाकला. थरथर तेवढीच. आता साहेबरावची पक्की खात्री झाली की कारभारीनं आतून काहीतरी वाकवलंय.

पाचव्या दिवशी दुपारी बानाबाई आली. माठाकडं गेली नाही. काउंटरपुढं उभी राहिली.

"राजूभाऊ, ती गाडी तुमच्या मशीनवर चढली व्हती ना?"

"हो."

"त्यात ह्यांचं काम बरूबर दिसलं का नाय?"

"वहिनी, मशीनला चाकं कळतात. आतलं कळत नाही."

"मशीनचं जाऊ द्या. तुमाला काय दिसलं?"

मी बिलाच्या वहीत काहीतरी शोधू लागलो. ती म्हणाली, "ते घरी बोलंनात. आधी भांडायचे तरी." आणि गेली. पाणी न भरता गेली. हे मी त्याच वेळी पाहिलं होतं, तरीही तिला हाक मारली नाही. त्या दिवशी मला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून कारभारीचाच आणखी राग आला. माणूस किती नीच होऊ शकतो ते मला तेव्हा समजलं.

सहाव्या दिवशी सकाळी साहेबराव दोन पाहुणे घेऊन शेडवर आला. सोक्षमोक्ष करायला. एक्सल घालतो का जागा सोडतो, असा रोकडा सवाल.

"दोनी नाय," कारभारी म्हणाला. "अर्धा तास द्या. मला गाडीत बसू द्या. मग काय ते ठरवा."

"आन तू चालवशील? पार मोडून आनशील."

"मी नाय चालवत." कारभारीनं रस्त्याच्या पलीकडं, थेट माझ्याकडं बोट केलं. "त्यो चालवंल. त्याच्या टीव्हीनं पास केलेली गाडी हाय."

साहेबरावनं मला हाक मारली. "राजेंद्रराव, या हो जरा." नाही म्हणायला काही कारण सापडेना. मी गेलो.

आम्ही तिघं बसलो. मी स्टिअरिंगवर, साहेबराव मागं, आणि माझ्या शेजारी कारभारी, अनवाणी, मॅट उचलून तळपाय पत्र्यावर टेकवून. अकरा वर्षांत आम्ही इतके जवळ कधी बसलो नव्हतो. सावंगीच्या बाजूला मोकळा रस्ता लागला.

"साठावर ने."

मी नेली. थरथर सुरू झाली. डॅशबोर्डवरचा गणपती हलायला लागला.

"हातात लई हाय का?"

"हातात फार नाही."

"खाली लई हाय. पायाला मुंग्या आल्या माझ्या. आता क्लच दाब. इंजिन मोकळं सोड, गाडी नुसती पळू दे."

मी क्लच दाबला. थरथर तशीच.

"म्हंजे इंजिन नाय," कारभारी मागं न बघता म्हणाला. "ऐकताव ना, साहेबराव? इंजिन नाय. थांबव आता."

मी गाडी कडेला घेतली. कारभारी उतरला. या जुन्या गाड्यांना पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध एक चकती असते. ती एका बाजूला फिरवली की चाकं आणि शाफ्ट जोडले जातात, उलटी फिरवली की सुटतात. चिखल असेल तेव्हा जोडायचं, डांबरी रस्त्यावर सोडायचं. साहेबराव दरवेळी खाली कोण उतरणार म्हणून कायम जोडूनच ठेवायचा. कारभारीनं दोन्ही चकत्या फिरवल्या आणि परत येऊन बसला.

"आता तीच चाकं, तीच बेअरिंगं, तेच किंगपिन. माझं सगळं काम फिरतंय. फकस्त शाफ्ट फिरत नाय. ने साठावर."

साठ. सत्तर. ऐंशी. गणपती हलला नाही. गाडी पाण्यावरून गेल्यासारखी चालली होती. मला वाटलं होतं की मी हसेन किंवा रागावेन. मी नुसता वेगाचा काटा बघत राहिलो.

शेडवर परत आलो. कारभारी गाडीखाली शिरला, साहेबरावलाही त्यानं वाकायला लावलं. पेचकसानं शाफ्टवरचा काळा लेप खरवडला. एका तुकड्यावर कोरलेला छोटा बाण निघाला. दुसऱ्या तुकड्यावर खरवडत गेला, तेव्हा कुठं बाजूला दुसरा बाण सापडला. 

"बाणासमोर बाण पायजे. हितं एक हिकडं, एक तिकडं. दोन्ही टोकांचे सांधे एकमेकांच्या इरुद्ध वडत्यात. म्हनून थरथर."

साहेबराव उभा राहिला, गुडघे झटकले. मला वाटलं, संपलं. पण ज्याला वैर पाहिजे असतं त्याला ते कशातही सापडतं.

"म्हंजे शाफ्ट तू उलटा बसवला."

"मी शाफ्टाला हात लावला नाय. माझ्या कामात त्यो उतरवावा लागत नाय."

"मंग काय आपोआप फिरला? पुरावा दाखव."

साहेबरावनं मोबाइल कानाला लावला. "हां, साडूसाहेब. त्या शेडचं बोललो होतो ना तुमाला..."

पाहुणे शेडकडं बघत होते. कारभारी कोणाकडंच बघत नव्हता. त्यानं पेचकस पुसला आणि पत्र्याच्या पेटीत जागेवर ठेवला, दिवस संपल्यावर ठेवतात तसा.

"साहेबराव, फोन ठेवा," मी म्हणालो.

मी माझा मोबाइल काढला, फोटो शोधला, आणि त्याच्यापुढं धरला. माझा बोर्ड. भिंतीला टेकवलेले शाफ्टचे दोन तुकडे. मागं त्याची गाडी, नंबर स्वच्छ दिसत होता. खाली माझीच ओळ, दसऱ्याला गाडी खालूनही नवी.

साहेबरावनं बोटांनी फोटो मोठा केला. "पन हे तर... हे दसऱ्याचं काळं केलं तवाचं हाय."

"हो."

"ते काय काम हाय का?"

"त्यातच शाफ्ट सुटला होता. मी सोडला होता. मीच चुकीचा बसवला."

राजेंद्ररावचा राजेंद्र्या व्हायला फार वेळ लागला नाही. पाहुण्यांसमोर, माझ्या गिऱ्हाइकांसमोर, पूर्ण रस्त्याला ऐकू जाईल असं साहेबरावनं मला झोडपलं. त्यातलं निम्मं मला लागू होतं, म्हणून मी ऐकून घेतलं. कारभारीला तो एक शब्द बोलला नाही. चुकलो म्हणाला नाही. फक्त म्हणाला, "बरं, आता सरळ करून टाक."

"मी नाय," कारभारी म्हणाला. "ज्यानं खोललं त्यो बसवंल."

मग मी त्या शेडमध्ये, ज्याला अकरा वर्षं नावं ठेवली, मातीत पाठीवर झोपलो. कारभारी माझ्या डोक्याशी अनवाणी उभा राहिला. बोल्ट काढ. हळू. तुकडा वढ. पूस. बाण दिसतो का? दिसतो ना? मग आधी डोळे व्हते का नाय? साहेबराव ऐकत होता, पाहुणे ऐकत होते. बाणासमोर बाण आला, बोल्ट आवळले. साहेबराव चकत्या जोडून साठाच्या पुढं जाऊन आला. थरथर नव्हती. तो तसाच सिल्लोडच्या दिशेनं निघून गेला.

शेडमध्ये आम्ही दोघं उरलो. मी कपड्यांची माती झटकत होतो. म्हणालो, "कारभारी, मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. तू विचारलंस तेव्हाच."

"मला बी."

"काय?"

"तुझ्या काळ्या लेपाचा वास येतो. डांबरात काय मिसळतो तू, देव जाणे. खाली डोकं घातलं तवाच वास आला. ह्या रोडला तसला लेप दुसऱ्या कुनाकडं नाय."

"मग माझं नाव का नाही घेतलंस?"

"घेतलं असतं तर त्यो म्हनला असता, ढकलतोय दुसऱ्यावर. आन तू नाय म्हनला असतास. म्हनला असतास का नाय?"

मी गुडघ्यावरची माती झटकू लागलो.

"तू गेटात हुबा राहून बघत व्हतास," तो म्हणाला. "म्हनलं, बघू, किती दिवस बघतो. सहा दिवस बघितलं तू." मग त्यानं चपला पायात सरकवल्या. "जा आता. तुझ्या टीव्हीपुढं गिऱ्हाईक हुबं हाय."

साहेबरावनं व्हिडिओ काढून टाकला, पण ज्यांच्याकडं तो पोचला होता त्यांच्याकडून कोण काढणार? शेडमधून गेलेल्या चार गाड्यांपैकी दोन परत आल्या. गुरुजींची आली नाही. कारभारी अजून माझ्या मशीनला टीव्हीच म्हणतो, मी अजून त्याला देवऋषी म्हणतो, आणि आम्ही एकमेकांकडं बघून थुंकत नाही एवढाच काय तो फरक. मी आता कोणाचा शाफ्ट उतरवला तर आधी दोन्ही तुकड्यांवर छिन्नीनं खूण करतो. पाऊस असला, गर्दी असली, तरी करतो.

बानाबाई भाकरी घेऊन अजूनही रोज येते. दुभाजकाची फट माझ्या दुकानापुढंच आहे. पण ती खाली टी-पॉइंटच्या चौकापर्यंत चालत जाते, तिथून रस्ता ओलांडते आणि पलीकडच्या कडेनं परत शेडवर येते. उन्हात हा फेरा चांगला दहा-बारा मिनिटांचा पडतो. मी रोज सकाळी माठ भरून ठेवतो आणि दुपारी तिला पलीकडून जाताना बघतो.